श्रवणयंत्राचं सेटिंग घरीच करू का?

गेले काही महिने वाचकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. कुणी प्रोग्रॅमर (मशीन लॅपटॉपला जोडायचं उपकरण) मागवला आहे, कुणाच्या भाच्याने सॉफ्टवेअर मिळवून दिलं आहे, आणि आता कानाचं मशीन घरच्या लॅपटॉपवर सेट करायचं आहे. त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेते.

मोबाइलच्या ॲपमधून आवाज सारखा कमी-जास्त केला तर मशीन बिघडेल का? (ठाणे)

नाही, ॲप त्यासाठीच दिलं आहे. ॲपमधला आवाज, प्रोग्रॅम आणि थोडंफार बेस-ट्रेबल हे ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाने, आखून दिलेल्या हद्दीतच हलतं. ती हद्द बदलणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. खालचे प्रश्न त्याबद्दल आहेत.

नोआलिंक वायरलेस हा प्रोग्रॅमर विकत घेतला. सॉफ्टवेअर मित्राने पेन ड्राइव्हवर दिलं. सुरुवात कुठून करू? (डोंबिवली)

आधी मित्राला विचारा, त्याने ते कुठून आणलं. हातोहात फिरणाऱ्या प्रतीत व्हायरस असू शकतो, नाहीतर ती इतकी जुनी असते की तुमचं मॉडेल ओळखतच नाही. मशीन जोडल्यावर सॉफ्टवेअर फर्मवेअर (मशीनच्या आतला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करू का असं विचारतं. घाईत 'हो' दाबलं आणि मध्येच कनेक्शन तुटलं, तर मशीन बंद पडून कंपनीकडे पाठवावं लागू शकतं. आणखी एक घोळ नेहमीचा आहे. नवीन नोंद उघडून 'फर्स्ट फिट' (सॉफ्टवेअरचं आपोआप होणारं पहिलं सेटिंग) दाबून जतन केलं की जुनं सेटिंग पुसलं जातं आणि त्यावर नवं लिहिलं जातं. महिनोन्‌महिने तुमच्या तक्रारी ऐकून केलेलं काम एका क्लिकमध्ये जातं.

माझा सल्ला 'करू नका' असाच आहे. तरीही उघडणारच असाल, तर मशीनमधलं सेटिंग आधी वाचून घ्या, वेगळ्या नावाने जतन करा आणि कमाल आवाजाच्या मर्यादेला हात लावू नका. ती फाइल घेऊन तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे जा.

सहा महिने दोन्ही मशीन मी स्वतःच प्रोग्रॅम करतो. स्क्रीनवर माझी रेषा टार्गेटच्या रेषेवर तंतोतंत बसते. तरी बायकोचं बोलणं कळत नाही. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. भांडी टोचतात म्हणून ट्रेबल दोनदा उतरवला. अमेरिकेत लोक दुकानातून मशीन आणून आपलं आपण सेट करतात, मग इथेच हरकत का? (निवृत्त अभियंते, मुलुंड)

तुमचा प्रश्न सविस्तर घेते, कारण रेषा जुळली म्हणजे काम झालं या समजाने जितकं नुकसान होतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. आणि हा समज फक्त घरी करणाऱ्यांचा नाही. कित्येक दुकानांतही रेषेवर रेषा बसली की पावती फाडली जाते.

स्क्रीनवरची ती रेषा मोजलेली नसते. सॉफ्टवेअरला तुमचं मॉडेल माहीत असतं, तुम्ही सांगितलेला रिसीव्हर (कानातला छोटा स्पीकर) आणि डोम (त्यावरची मऊ टोपी) माहीत असतो, आणि त्याच्याकडे सरासरी प्रौढ कानाचे आकडे असतात. त्यावरून ते अंदाज बांधतं. तुमची कानाची नळी अरुंद असेल, वळणाची असेल, पूर्वी ऑपरेशन झालं असेल किंवा डोम सैल बसत असेल, तर पडद्यापाशी पोचणारा आवाज वेगळाच असतो. एखाद्या पट्टीत 10 डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात 'स' ऐकू येईनासा होतो. टार्गेटची रेषाही, म्हणजे तुमच्या कानाला किती आवाज हवा हे सूत्राने काढलेली, तपासून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल2 हे सूत्र जगभर वापरतात, पण पुष्कळ सॉफ्टवेअर उघडताना कंपनीचं स्वतःचं सूत्र निवडून ठेवतात. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी गोड वाटावं म्हणून त्यात वरच्या पट्टीतले बारीक आवाज बऱ्याचदा कमी ठेवलेले असतात.

खरं मोजमाप असं होतं. केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी कानात सरकवून तिचं टोक पडद्यापासून साधारण 5 मिलिमीटरवर ठेवतात. त्यावर तुमचं मशीन बसवतात. समोरच्या स्पीकरमधून बोलणं ऐकवतात, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात, मग मोठ्याने. पडद्यापाशी काय पोचतंय ते नळीतून मोजलं जातं आणि सेटिंग त्यानुसार बदलतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. नाव घेऊन मागा. 'त्याची गरज नाही, सॉफ्टवेअर सगळं करतं' असं उत्तर आलं, तर दुसरी क्लिनिक शोधा.

आता भांडी. स, श, फ, थ या व्यंजनांचा जीव वरच्या पट्टीत असतो आणि ती मुळात क्षीण असतात. स्टीलच्या ताटाचा खणखणाटही त्याच भागात असतो. ट्रेबल उतरवला की दोन्ही जातात. 'साठ' आणि 'आठ' सारखे होतात, 'तास' की 'ताप' हे संदर्भावरून ओळखावं लागतं. बोलणं मंद वाटलं की माणूस एकूण आवाज चढवतो, म्हणजे खालची पट्टी फुगते आणि शब्द आणखी बुडतात. तुमचं नेमकं हेच झालं आहे. वर्षानुवर्षं न ऐकलेले बारीक आवाज मेंदूला अंगवळणी पडायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. तुम्ही त्याला तेवढा वेळ दिला नाहीत.

त्यानंतरही टोचत असेल, तर सगळा ट्रेबल उतरवायचा नसतो. फक्त मोठ्या आवाजांची वाढ आणि कमाल मर्यादा खाली आणायची असते. ती किती, हे ठरवताना मोठे आवाज ऐकवून 'कधी नकोसं झालं' हे विचारावं लागतं. स्वतःची ही तपासणी स्वतः नीट होत नाही. माउस तुमच्याच हातात असतो, आवाज कधी येणार हे ठाऊक असतं, आणि माणूस आधीच सावरून बसतो.

राहिली अमेरिका. तिथे ऑक्टोबर 2022 पासून अशी मशीन चिठ्ठीशिवाय मिळतात, हे खरं. पण ती 18 वर्षांवरच्यांसाठी आणि ज्यांना आपली ऐकण्याची अडचण सौम्य ते मध्यम वाटते त्यांच्यासाठी आहेत. कमाल आवाजावर कायद्यानेच 111 डेसिबलचं झाकण आहे, विशिष्ट कॉम्प्रेशन (मोठे आवाज आपोआप आवरणारी सोय) चालू असेल तर 117. तुमच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरवर ते झाकण नाही. जास्त ताकदीची मशीन 130 डेसिबलच्या वर जातात. अर्धवट ऐकून केलेली ही तुलना मला रोज ऐकवली जाते, म्हणून आकडे दिले.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, कुठला वापरलात ते तुम्ही लिहिलं नाहीत. हेडफोन लावून ऑनलाइन काढला असेल, तर बाजूला ठेवा. साध्या हेडफोनमध्ये साधारण 40 डेसिबलपासून पुढे आवाज कवटीतून पलीकडच्या कानात पोचू शकतो. चांगला कान ऐकतो आणि श्रेय वाईट कानाला मिळतं. म्हणूनच तपासताना दुसऱ्या कानात खरखर ऐकवून त्याला गुंतवून ठेवतात.

तुमची सहा महिन्यांची मेहनत वाया मात्र जाऊ देऊ नका. स्वयंपाकघरात कुठले शब्द निसटतात, फोनवर कुठले, लोकलच्या डब्यात काय होतं, हे लिहून काढा. सगळ्या फाइली घेऊन रिअल इअर करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टसमोर बसा. तुमच्यासारखा पेशंट स्क्रीन वाचू शकतो, त्यामुळे काम लवकर आटोपतं.

मुलगी चार वर्षांची आहे. दर वेळी क्लिनिकला जायला सुट्टी काढावी लागते. तिचं मशीन मी घरी सेट करू का? (वसई)

नाही. लहान मुलाच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे त्याच मशीनचा आवाज तिथे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो. जास्त झालंय हे चार वर्षांचं मूल नेमकं सांगू शकत नाही. ते मशीन काढून फेकतं, आणि आपण हट्ट समजून रागावतो. कान वाढतो तसा मोल्डही (कानाच्या मापाने बनवलेला तुकडा) पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये ऑडिओलॉजिस्ट फोनवरून लांबून बारीक बदल करू शकतो. ती सोय आहे का, ते विचारा. तेवढ्या खेपा वाचतील.

डावं मशीन चार दिवसांपासून मंद वाटतंय. मुलाने सॉफ्टवेअरमधून दोनदा आवाज वाढवला, तरी फरक नाही. आणखी किती वाढवू? (गिरगाव)

मुळीच वाढवू नका. वॅक्स गार्ड (मळ अडवणारी जाळी) बदला, सेल बदला. मग दोन्ही मशीन काढून मोबाइलवरचं एकच गाणं एकाच आवाजात आधी उजव्या, मग डाव्या कानाला लावून बघा. डावीकडे पूर्वीपेक्षा कमी वाटलं, कान दडल्यासारखा झाला, कानातच शिट्टी वाजू लागली किंवा चक्कर आली, तर दोष मशीनचा नाही, ऐकणं खाली गेलं आहे. कदाचित मळच असेल, पण ते डॉक्टरांना कानात बघून सांगू द्या. ऐकणं अचानक जातं तेव्हा स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितका लवकर, तितका उपयोगी पडतो. तुमचे चार दिवस आवाज वाढवण्यात गेले आहेत. हे वाचून झाल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे निघा. अपॉइंटमेंट नसेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन 'अचानक ऐकू येईनासं झालं' असं स्पष्ट सांगा.

दुकानदार प्रत्येक सेटिंगचे पैसे घेतो. दुसरीकडे गेलो तर म्हणाले, मशीन लॉक आहे, उघडत नाही. (दादर)

काही साखळी दुकानं मशीन अशा पद्धतीने विकतात की ते त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. सवलत मोठी दिसते, पुढची सगळी वर्षं गिऱ्हाईक बांधलं जातं. मला याची मनापासून चीड आहे. खरेदीआधी दोन गोष्टी बिलावर लिहून मागा: मशीन दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे उघडेल का, आणि किती भेटी किमतीत धरल्या आहेत. सेटिंग करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारा. पांढरा कोट कुणीही घालतो. तुमचं मशीन आता घेऊन झालं आहे, तेव्हा निदान ऑडिओग्राम आणि सेटिंगची प्रिंट मागून घ्या.

पावसाळ्यात आवाज तुटक येतो. पुन्हा प्रोग्रॅम केलं तर सुधारेल? (भांडुप)

नाही, ती ओल आहे. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. चार्जिंगचं असेल तर ड्रायर मिळतो. हेअर ड्रायर लावू नका.

कमी खर्चात नीट तपासणी मुंबईत कुठे होईल? (कुर्ला)

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून वाक् आणि श्रवण याच विषयात काम करते. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्येही ऑडिओलॉजीचा विभाग आहे. केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत उत्पन्नानुसार मशीन मोफत किंवा सवलतीत मिळतं, त्याची कागदपत्रं संस्थेतच विचारा. सकाळी लवकर जा. जुने ऑडिओग्राम, दोन्ही मशीन, चार्जर आणि घरात रोज बोलणारं एक माणूस सोबत न्या.