दहापर्यंत मोजतो आणि मग मारतो

"मॅडम, मुलगा सातवीत आहे, घरी एकदम शांत, पण शाळेतून सारखी डायरीत तक्रार, याला मारलं त्याला ढकललं, आता शाळेतून काढून टाकतील का?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा आया तरी विचारतात. म्हणून ओंकारचं सांगते (नाव बदललंय).

ओंकारने वर्गातल्या मुलाला कंपास फेकून मारला होता, कपाळावर खोक पडली. मी पहिल्या भेटीत तेच सांगितलं जे सगळे सांगतात, राग आला की दहापर्यंत मोज. पुढच्या आठवड्यात म्हणतो, "मोजतो ना मॅडम, दहापर्यंत मोजतो आणि मग मारतो." आता यावर काय बोलणार!

घरी आईने सांगितलेलं, राग उशीवर काढ. हे पण जवळपास सगळेच सांगतात, पण 2002 साली ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता, चिडवणाऱ्याला डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर बुक्के मारले त्यांचा राग कमी नाही, उलट जास्त झाला. ओंकारला विचारलं तर म्हणाला, उशीत त्याचाच चेहरा दिसतो.

मग मी उपदेश बंद केला आणि बाईंना एक वही ठेवायला सांगितली, भांडण कधी झालं, त्याच्या जस्ट आधी काय झालं, बस एवढंच. तीन आठवड्यात सात नोंदी, त्यातल्या पाच मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. शाळा सकाळची, पठ्ठ्या नुसता चहा पिऊन यायचा, आणि त्याच तासाला मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "ढापण्या" म्हणायचं. चष्मा नवीन होता. म्हणजे पोरगं उपाशी, वर रोजची चिडवाचिडवी, आणि डायरीत शेरा मात्र यालाच. राग चुकीचा नव्हताच हो, हात चुकीचा होता.

राग यायच्या आधी अंगात काय होतं हे विचारलं तर आधी "काही नाही", मग बऱ्याच वेळाने, "कान गरम होतात." हेच हवं होतं! एकदा भडका उडाला की मग काही ऐकू येत नाही, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तसाही पंचविशीपर्यंत तयार होत असतो, तेव्हा पकडायचं ते कान गरम होताना. बाईंशी ठरवलं, कान तापले की बाटली उचलायची आणि न विचारता टाकीपर्यंत जाऊन भरून आणायची, जाताना श्वास सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब. बाईंना वाटलं हा रोज फिरेल, पहिल्या आठवड्यात फिरलाही. आणि "मला नावाने हाक मार" हे ठणकावून म्हणायची प्रॅक्टिस, त्यात चिडवणारी मी, तिसऱ्या वेळी दोघांनाही हसू आवरेना. मागच्या बाकाशी बाई वेगळ्या बोलल्या, ते केलं नसतं तर बाकीचं सगळं फुकट होतं. आईला म्हटलं सकाळी पोळीचा रोल तरी द्या, आणि घरी आल्या आल्या "आज कोणाला मारलंस" हे विचारणं बंद.

चाचणी परीक्षेच्या वेळी परत एकदा ढकलाढकली झालीच, पण या वेळी स्वतःच येऊन सांगितलं.

परवा टाकीपाशी दिसला. मी विचारलं, "काय रे, कान गरम?" तर म्हणे, "नाही मॅडम, खरंच तहान लागलीय."