बायकोसाठी रॉक, पण पट्टी कुठली?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. कॉलेजात गिटार वाजवायचो, त्या जोरावर घरच्या समारंभात पॉल मॅकार्टनीचं ‘मेबी आय'म अमेझ्ड’ म्हणायचं ठरवलंय. ते त्यानं खरंच बायकोसाठी लिहिलं होतं का? शिवाय वरचे सूर लागत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, बायकोसाठीच. पॉल आणि लिंडाचं लग्न मार्च १९६९ मधलं. वर्ष सरेपर्यंत पॉलचा बँड, बीटल्स, मोडल्यात जमा होता. स्कॉटलंडमधल्या शेतावर हा गडी दारू पीत अंथरुणात पडून राहायचा. वय अवघं २७! लिंडानं त्याला उठवून बसवलं. फेब्रुवारी १९७० मध्ये लंडनच्या स्टुडिओत त्यानं पियानो, बास, ड्रम, गिटार, ऑर्गन सगळं एकट्यानं वाजवून हे गाणं केलं. मागच्या कोरसला मात्र लिंडा. जिच्यासाठी गाणं, तिलाच कामाला लावलं म्हणायचं!

मी हे घरी पहिल्यांदा लावलं तेव्हा आमची ही मेथी निवडत होती. म्हणाली, “एवढा ओरडतोय कशाला?” प्रश्न रास्त होता. गाण्यात बायकोचे डोळे, केस, चाफेकळी नाक यातलं काहीच नाही. हिच्यावाचून आपलं चालायचं नाही हे त्याला कळलंय आणि त्यानंच तो घाबरलाय, म्हणून ओरडतो. मी हे समजावल्यावर ती एवढंच म्हणाली, “बरं, मग ओरडू दे.” आणि पुढची जुडी घेतली.

तेव्हा पट्टी खुशाल दोन सूर खाली घ्या, पण फार सोयीची करू नका. वर जाताना आवाज थोडा फाटला पाहिजे. गाणं मुळात पियानोचं आहे, एखादा कीबोर्डवाला भाचा-पुतण्या पकडा. गिटारचा मधला तुकडा तुम्ही वाजवा. तो गुणगुणता येतो, त्यामुळे बोटांत लवकर बसेल. सराव १९७० च्या मूळ ध्वनिमुद्रणावर करा. १९७७ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुट्ट्या गाण्याची तबकडी म्हणून, गाजलं ते त्याच्या नंतरच्या विंग्ज या बँडच्या मैफलीतलं, आणि तिथे मदतीला अख्खा बँड होता.

अर्थ मात्र वहिनींना आदल्या रात्री घरीच सांगा. माईकवरून नको, व्याही मंडळी बसलेली असतील.