टॅलीवाल्यांना नवीन सॉफ्टवेअरवर आणताना

अरे नवं सॉफ्टवेअर शिकवायची पीपीटी राहू दे, आधी अकाउंट्सवाल्यांच्या शेजारी खुर्ची टाकून नुसतं बघत बस. टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या त्या सॉफ्टवेअरवर, वर्षानुवर्षं बसलेला माणूस माउसला हातच लावत नाही, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, बोटं आपोआप पळतात, आणि तू त्याला ब्राउझरमधलं काहीतरी देणार ज्यात एका बिलाला दहा क्लिक, मग तो वैतागणारच ना, 'लोकांना बदल नको असतो' ही सगळी एचआरची भाषा. पहिल्याच दिवशी नव्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट मराठीत छापून मॉनिटरखाली चिकटव.

मार्चमध्ये सुरू करायचं नावच काढू नकोस, इयर एंडिंगला कोण ऐकणारे तुझं. १ एप्रिलला ओपनिंग बॅलन्स टाकून सुरू केलेलं बरं. जीएसटीची दर महिन्याची रिटर्न भरायची असतात, जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २०, त्याच्या आसपास ट्रेनिंग नको.

आणि अडलं की सगळे ज्या काकांना विचारतात ना, त्यांना आधी शिकव, एकट्यात, पोरांसमोर नाही. स्टॉकची जुनी एक्सेल शीट मात्र तारीख सांगून रीड-ओन्ली, म्हणजे नुसती बघता येईल अशी, करून टाक, नाहीतर लोक दोन्हीकडे एन्ट्र्या मारत बसतात आणि स्टॉक कुठेच जुळत नाही.