ओव्हल हिरा ऑनलाइन घेताना आधी मिलिमीटर बघा, कॅरट नंतर

प्रश्न (थोडक्यात): वय ३१, नाशिक. साखरपुड्यासाठी ओव्हल (लंबगोल) हिऱ्याची अंगठी एका वेबसाइटवर पसंत केली आहे. नैसर्गिक हिरा, वजन १.०१ कॅरट (हिऱ्यात १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम), रंग ‘जी’ श्रेणीचा (‘डी’ सगळ्यात रंगहीन, पुढच्या अक्षरांना पिवळसरपणा वाढतो), शुद्धता व्हीएस२ श्रेणीची, जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र, १८ कॅरट पिवळं सोनं, सगळं मिळून ३ लाख ६० हजार रुपये. हातात २ लाख १० हजार आहेत. उरलेल्या दीड लाखासाठी १३ टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज घेऊ का? सोन्यासारखीच गुंतवणूक होईल ना?

उत्तर: कर्ज काढू नका. आणि ही गुंतवणूक नाही, हे आधी मनाशी पक्कं करा, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतील.

दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता महिना साधारण ७,१३० रुपये पडेल आणि दोन वर्षांत २१ हजारांच्या आसपास व्याज जाईल. किमतीत ३ टक्के जीएसटी आहे, म्हणजे दहा हजारांहून थोडा जास्त. तो परत मिळत नाही. सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, मोड देताना वजन करून हिशेब होतो. हिऱ्याला असा एक भाव नाही. विकायला गेलात की समोरचा म्हणेल ती किंमत. सोनेतारण कर्जातही खड्याचं वजन वजा करून फक्त सोनंच धरतात. हौस म्हणून घ्या, हौसेवर आक्षेप नाही. पण हा पैसा खर्चाच्या रकान्यात लिहा.

आता हिऱ्याकडे. ओव्हलमध्ये सगळ्यात मोठी फसगत अशी की जीआयए कटची (घडाईची) श्रेणी फक्त गोल ब्रिलियंट हिऱ्याला देते. ओव्हलच्या प्रमाणपत्रावर पॉलिश आणि सिमेट्री असते, कट नसतो. वेबसाइटवर ‘कट : एक्सलंट’ लिहिलं असेल तर ते दुकानदाराचं स्वतःचं मत आहे. म्हणून प्रमाणपत्रावरची मापं स्वतः तपासावी लागतात, आणि तुमच्या हिऱ्याची गोची तिथेच आहे.

तुम्ही पाठवलेली मापं ७.३५ × ५.४५ × ३.८७ मिमी. खोली भागिले रुंदी केलं की ७१ टक्के येतात. ओव्हलला साधारण ५८ ते ६३ टक्के खोली बरी. शिवाय गर्डल, म्हणजे हिऱ्याची कड, ‘थिक टू व्हेरी थिक’ (जाड ते फार जाड) आहे. याचा अर्थ वजन पोटात आणि कडेत गेलंय, वरून दिसणाऱ्या भागात नाही. तुलनेला ७.६ × ५.५ × ३.४ मिमीचा, बेताच्या कडेचा ओव्हल घ्या: वजन ०.९२ कॅरटच्या आसपास, खोली ६२ टक्के. लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७८५ केलं की वरून दिसणारं क्षेत्रफळ कळतं. तुमच्या १.०१ चं ३१.४ चौरस मिमी, या ०.९२ चं ३२.८. बोटात मोठा दिसेल तो हलका हिरा! आणि १ कॅरटची रेघ ओलांडली की प्रति कॅरट दरच वाढतो, म्हणजे तुम्ही चढ्या दराने न दिसणारं वजन विकत घेताय.

०.९० कॅरटला दराची अशीच एक छोटी पायरी असते. तेव्हा ०.८५ ते ०.८९ मध्येही शोधा. लांबी-रुंदीचं प्रमाण १.३५ ते १.५०, त्यातलं कुठलं आवडतं हा डोळ्यांचा प्रश्न आहे.

पिवळ्या सोन्यात ‘जी’ रंगासाठी पैसे मोजायची गरज नाही, ‘एच’ किंवा ‘आय’ चालेल. ओव्हलचा रंग दोन्ही टोकांना गडद दिसतो, व्हिडिओत टोकंच बघा. शुद्धतेत एसआय१ (व्हीएस२ च्या खालची श्रेणी) घेऊन पैसे वाचतात, मात्र डाग मधोमध काळा नको. प्रमाणपत्राच्या शेऱ्यात शुद्धता न दाखवलेल्या ‘क्लाउड्स’वर (आतल्या बारीक डागांच्या ढगांवर) आधारित असल्याचं लिहिलं असेल तर हिरा दुधी दिसण्याची शक्यता असते, असा खडा स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नका.

राहिला बो-टाय: मध्यावर आडवा दिसणारा काळा पट्टा. तिथले पैलू प्रकाशाऐवजी बघणाऱ्याच्या डोक्याची सावली परत पाठवतात, म्हणून तो दिसतो. थोडा बहुतेक ओव्हलमध्ये असतोच. हिरा हलवल्यावर पट्टा उजळ-काळा होत राहिला तर ठीक. काळाच राहिला तर सोडून द्या. दुकानाच्या व्हिडिओत चहूबाजूंनी दिवे असतात, पट्टा त्यात लपतो. हातात धरून, खिडकीच्या साध्या उजेडात काढलेला मोबाइल व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ केली तर पुढचं दुकान बघा.

प्रमाणपत्राचा क्रमांक जीआयएच्या साइटवर टाकून मापं जुळवा. कडेवर लेसरने तोच क्रमांक कोरलेला असेल तर भिंगातून वाचून घ्या. अंगठीवरचा हॉलमार्क सोन्यापुरता आहे, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

खरेदीचा क्रमही बदला. बऱ्याच ठिकाणी बोटाच्या मापाने घडवलेली अंगठी परत घेत नाहीत. शक्य असेल तर आधी सुटा हिरा मागवा, पार्सल उघडतानाचं चित्रण करा, परतीच्या मुदतीत बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्या आणि मगच कोंदणात बसवायला सांगा. ‘बायबॅक’ (दुकान अंगठी परत घेईल ती किंमत) किती टक्के, कशावर (बिलाच्या रकमेवर की त्या दिवशीच्या दरावर) आणि रोख की फक्त बदलून, हे लेखी घ्या.

लॅबमध्ये घडवलेला हिरा तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. तो रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, सुरतेत भरपूर बनतो आणि मोठा ओव्हलही तुमच्या पैशांत आरामात बसेल. फक्त त्याचे भाव काही वर्षांत फार कोसळले आहेत. पुनर्विक्री शून्य धरूनच घ्या. बो-टाय आणि खोलीचे वरचे नियम त्यालाही लागू. नैसर्गिक की लॅबचा, हे होणाऱ्या पत्नीला विचारूनच ठरवा. कित्येकींना फरक पडत नाही, काहींना फार पडतो.

नैसर्गिकच हवा असेल तर २ लाख १० हजार ही वरची मर्यादा धरा, त्यात घडणावळ आणि जीएसटी आले पाहिजेत. बसत नसेल तर रंग ‘आय’पर्यंत आणि वजन ०.८० पर्यंत उतरवा. ही रक्कम तुमचा अडीअडचणीचा निधी असेल, तर त्यातले निम्मेच वापरा. बिलावर हिऱ्याचं वजन, प्रमाणपत्र क्रमांक, सोन्याचं निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. विमा काढताना हेच बिल लागेल.