मुलगी म्हणते, जिओपॉलिटिक्स करायचंय

निफाड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग एवढा :

"ताई, माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला एस.वाय.बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र घेऊन. हुशार आहे. बी.एड. करून शाळेत लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता म्हणते, मला जिओपॉलिटिक्स करायचंय. दिवसभर मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ चालू. बोललो तर उलट मलाच विचारते, २०२४ ला आपल्या मालाचे पैसे का कापले ते तुम्हाला तरी कळलं का? त्या साली निर्यातदाराने लाल समुद्राचं कारण सांगून पट्टीत कटती लावली होती. खरं-खोटं देव जाणे. तिने पुण्यातला एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा कोर्स शोधलाय. फी साडेचार लाख. कर्ज काढू का? यात पोट भरतं का?"

नमस्कार.

कर्ज काढू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश.

निर्यातदाराने सांगितलेलं कारण मात्र खोटं नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' नावाचं जहाज हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून पकडलं, आणि मग लाल समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून युरोप गाठायला लागल्या. न्हावाशेवा ते रॉटरडॅम या प्रवासाला दहा ते चौदा दिवस जास्त. ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तुमच्या हंगामात. तेवढे दिवस रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर चालू ठेवायचा, जादा इंधन जाळायचं, विमा वाढीव भरायचा. आणि पेटी उघडली की तिकडचा माणूस आधी देठ बघतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. कटती किती लावली ते रास्त होतं का, हा वेगळा प्रश्न. त्याकडे शेवटी येते.

याच प्रसंगात मुलीचा विषय, म्हणजे देशादेशांमधलं सत्तेचं राजकारण, कसा दडलाय बघा. हुथींविरुद्ध अमेरिकेने आरमारी फळी उभी केली. अरबांपैकी उघडपणे त्यात आला तो एकटा बहारीन. सौदी अरेबिया, ज्याने येमेनमध्ये कित्येक वर्षं हुथींशीच युद्ध केलं, तो बाहेर राहिला; कारण मार्च २०२३ मध्ये त्याने हुथींच्या पाठीराख्या इराणशी संबंध पुन्हा जोडले होते, आणि तेही चीनच्या मध्यस्थीने, बीजिंगमध्ये बसून. युरोपने स्वतःची वेगळी मोहीम काढली. भारताने युद्धनौका पाठवल्या, पण अमेरिकेच्या फळीत नाव घातलं नाही. एका अरुंद समुद्रात कोण कोणाचा, हे असं उघडं पडलं. मुलीला प्रश्न बरोबर पडलाय, तिने त्यावर शोधलेलं औषध चुकीचं आहे.

चुकीचं का, ते सांगते. जिओपॉलिटिक्स नावाच्या कोर्समध्ये बहुतेक वेळा मतं शिकवतात. अमेरिका उतरणीला लागली का, चीन वर येतोय का, भारताने कोणाची बाजू घ्यावी. मतं फुकट मिळतात, तुमच्या पारावरही मिळतात. पगार मिळतो तो ही सत्ता प्रत्यक्ष ज्या नळातून, टाकीतून, करारातून आणि कागदातून वाहते, त्यातलं एखादं तरी उघडून दाखवता येणाऱ्याला.

जुनं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला, अमेरिकेने इस्राएलला शस्त्रं पुरवली, आणि अरब देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सचं तेल तोडलं. साधारण तीन डॉलरचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. मग गंमत झाली. जपानने महिन्याभरात अरबांच्या बाजूने निवेदन काढलं. ब्रिटन-फ्रान्सने आपापलं जमवून घेतलं, शेजारी डच अडचणीत असताना. दोस्तांची एकी अशी टाकी रिकामी होईपर्यंतची. हे पुन्हा होऊ नये म्हणून १९७४ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निघाली. तिच्या सदस्य देशांनी नव्वद दिवसांच्या निव्वळ आयातीएवढा तेलसाठा राखायचा असतो. म्हणजे मैत्रीचा करार टाक्यांच्या मापात लिहिला गेला. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी आहे, पूर्ण सदस्य नाही. आपल्या विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या खडकातल्या गुहांमध्ये मिळून त्रेपन्न लाख टन कच्चं तेल मावतं. देशाला ते जेमतेम नऊ-साडेनऊ दिवस पुरेल. तेल कंपन्यांचे साठे त्याहून वेगळे.

(माझं माहेर रत्नागिरीकडचं. १९७३ च्या त्या भाववाढीने आखातात जो पैसा आला त्यावर आमच्या वाडीतली कितीतरी पोरं कुवेत-दुबईला गेली. अर्ध्या वाडीचे स्लॅब त्या पैशावर पडले. शाळेत हे कोणी शिकवलं नाही.)

आता अलीकडचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा युरोपच्या आयात गॅसपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त रशियाचा होता, जर्मनीच्या तर निम्म्याहून अधिक. जर्मनीकडे द्रवरूप गॅस उतरवून घ्यायला स्वतःचं एकही टर्मिनल नव्हतं. दहा महिन्यांच्या आत विल्हेल्म्सहाफेन बंदरात त्यांनी पहिलं सुरू केलं. ज्या देशात बर्लिनचा विमानतळ बांधायला चौदा वर्षं लागली, त्याच देशात. नॉर्वे आणि अमेरिका युरोपचे मोठे गॅसवाले झाले. फिनलंड आणि स्वीडन, दोघेही पिढ्यान्‌पिढ्या अलिप्त राहिलेले, २०२३ आणि २०२४ मध्ये नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात गेले. पण युरोपने चढ्या भावाने गॅसची जहाजं ओढून घेतली त्याचा चटका इकडे बसला. २०२२ च्या जुलैत पाकिस्तानने गॅसच्या दहा जहाजांची निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशात तेव्हाच लोडशेडिंग सुरू झालं. जर्मनीच्या शूरपणाच्या बातम्या सगळीकडे आल्या, ढाक्यातल्या अंधाराची कोपऱ्यात आली.

मुलीला यापुढचा भाग मुद्दाम वाचायला द्या, कारण पगार इथे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये जी-सेव्हन, म्हणजे सात श्रीमंत देशांच्या गटाने, ठरवलं की रशियाचं तेल पिंपामागे साठ डॉलरच्या वर विकलं जाऊ द्यायचं नाही. पण अडवणार कसं? समुद्रात नाकेबंदी नाही, गोळी नाही. हत्यार होतं विम्याचा कागद. मोठं टँकर जहाज अपघाताच्या आणि तेलगळतीच्या विम्याशिवाय बंदरात घेत नाहीत. जगातल्या समुद्री जहाजांच्या टनेजपैकी सुमारे नव्वद टक्क्यांचा असा विमा बारा संस्थांचा एक गट उतरवतो, आणि त्यातल्या बहुतेक पाश्चात्त्य देशांत आहेत. तेव्हा नियम असा केला : माल साठ डॉलरच्या आत घेतलाय असं लेखी दाखवा, तरच विमा, तरच जहाज. म्हणजे महासत्तेचा हुकूम शेवटी एका टेबलावर येऊन थांबला. तिथे बसलेली बाई किंवा बाप्या बिलाची किंमत तपासणार, वाहतूक खर्च फुगवून तेलाचा दर खाली दाखवलाय का ते बघणार, जहाजाचा मालक काल बदलला का ते शोधणार. रशियानेही उत्तर काढलं. जुनी जहाजं घ्यायची, झेंडा बदलायचा, विमा भलतीकडचा, ठावठिकाणा सांगणारं यंत्र मधेच बंद. त्या ताफ्याला शॅडो फ्लीट म्हणतात. आता तो ताफा ओळखणं हेच कित्येकांचं रोजचं काम झालं आहे.

आणि भारत? युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. तेल मिळालं, पण पैसे द्यायचे कसे हा गुंता झाला. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी उघड सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत, ही अडचण आहे. पुढे दिरहॅम या अमिरातीच्या चलनातही व्यवहार झाले. आणि ज्या खरेदीकडे अमेरिकेने आधी काणाडोळा केला, त्याच खरेदीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तिने आपल्या मालावर जादा पंचवीस टक्के आयातशुल्क बसवलं. त्याच ऑक्टोबरात रोसनेफ्ट आणि लुकॉइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध आले. मित्र कोण, हे तीन वर्षांत किती वेळा बदललं मोजा.

तर पोट भरतं का.

जिओपॉलिटिक्स या नावाची नोकरी जवळजवळ नाही. परराष्ट्र सेवा आहे, पण ती यूपीएससीतून, आणि वर्षाला सगळ्या देशातून पन्नासच्या आसपास, कधी त्याहून कमी जागा. प्रयत्न जरूर करावा. एवढ्या एकाच काठीवर मांडव घालू नये. मुंबईत गेटवे हाऊस, दिल्ली-मुंबईत ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन), बंगळुरूत तक्षशिला अशा अभ्यास संस्था आहेत. तिथे एम.ए. लागतं, इंग्रजी लिखाण लागतं, आणि सुरुवातीचा पगार खोलीभाडं आणि डबा सुटेल एवढाच धरा.

खरी भरती कमी झगमगाटाच्या ठिकाणी आहे. परदेशी बँकांची मोठमोठी कार्यालयं पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत आहेत आणि त्यांत निर्बंध तपासणारे विभाग आहेत : हा ग्राहक, हे जहाज, हा माल चालेल का. अर्थशास्त्र आणि कायद्याची मुलं तिथे घेतात. काम कंटाळवाणं असतं, सुरुवातीची दोन वर्षं तर फार. जहाजभाडं, सागरी विमा, मालाची दलाली हे मुंबईचे धंदे. भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम यांची मुख्यालयंही मुंबईतच. तेल खरेदीच्या टेबलावर मात्र इंजिनिअर, एम.बी.ए. आणि सी.ए. जास्त दिसतील, तिथे ती थेट पोचेल असं मी म्हणणार नाही. आकडेवारीच्या विश्लेषणातून वाट निघते.

म्हणून तिने बी.ए. अर्थशास्त्रच नीट पूर्ण करावं, संख्याशास्त्राला न घाबरता. मग एम.ए. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट अर्थशास्त्रासाठी, पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा जुना विभाग आहे, दिल्लीत जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्र, त्याला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, कोलकात्यात जादवपूर विद्यापीठ. सरकारी विद्यापीठांची फी तुमच्या साडेचार लाखांच्या मानाने काहीच नाही. माझं मत विचाराल तर पहिली पसंती अर्थशास्त्राला. राजकारण वाचून येतं, आकडेमोड मागाहून येत नाही.

आणि एक भाषा. इथे मला माझी चूक सांगायला हवी. आठेक वर्षांपूर्वी एका मुलाला मी रशियन शिकण्यापासून परावृत्त केलं होतं. जर्मन घे, कंपन्या आहेत, म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही, रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन रशियनच घेतली. २०२२ नंतर त्याला जी मागणी आली ती बघून मी गप्प बसले. तेव्हा भाषेचा सल्ला मी आता जपून देते. अरबी किंवा फारसी आखातासाठी, रशियन, चिनी; जी तिला सहा महिने रोज तासभर झेपेल ती.

पोरी, आता तुझ्याशी. व्हिडिओ बघ, मी बंद कर म्हणत नाही, मीही बघते. पण त्यात 'होर्मुझ' हा शब्द आला की थांबायचं आणि आकडा शोधायचा. आखाताच्या तोंडाशी असलेल्या त्या सामुद्रधुनीतून २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी पिंपं तेल जात होतं, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. आपल्या घरातलं सिलिंडर कुठून येतं? निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस आपण आयात करतो आणि तो बहुतेक त्याच बाजूने येत आला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी नावाचा विभाग दर महिन्याला हे आकडे फुकट छापतो. तिथून पाच वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये उतरव आणि कुठे उडी दिसते, ती का, ते शेजारी लिही. निवड समितीसमोर साडेचार लाखांच्या प्रमाणपत्रापेक्षा तो कागद जास्त बोलेल.

आणि भाऊ, तुम्ही २०२४ च्या हंगामाची पट्टी तिच्या हातात द्या. निर्यातदाराकडे त्या कंटेनरच्या भाड्याच्या बिलाची नक्कल मागा. देईलच असं नाही, मागायला काय जातं. शेजारी २०२३ ची पट्टी ठेवा. भाडं किती वाढलं, विमा किती, किलोमागे ते किती पडतं आणि तुमच्याकडून कापलं किती, हा हिशेब तिला मांडू दे. दोन पानांत, मराठीत चालेल. गोडी छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत मला पाठवा. कटतीचं काय ते ती पानं बघून बोलू.