वाचकांचे प्रश्न : झाडाच्या आतले जीवाणू

प्रश्न : निरोगी झाडाच्या खोडातही जीवाणू असतात, असे वाचनात आले. ते खरोखर आत राहतात, की नमुना घेताना बाहेरून चिकटतात?

उत्तर : ते खरोखर आत राहतात, पण तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही तिचे निरसन दर वेळी करावेच लागते. त्यासाठी पानाचा किंवा फांदीचा तुकडा आधी हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून त्याच्या पृष्ठभागावरचे जीवाणू मारतात, मग तो निर्जंतुक पाण्याने धुतात, आणि अखेरच्या धुवणाचा थेंब पोषक माध्यमावर टाकला असता काहीच वाढत नाही, याची खात्री झाल्यावरच आतला भाग तपासायला घेतात. तरीही यांतले पुष्कळ जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नसल्यामुळे त्यांचा शोध डीएनएवरून घ्यावा लागतो. तेथे वेगळीच अडचण उभी राहते. झाडाच्या पेशींतील हरितलवके आणि तंतुकणिका प्राचीन जीवाणूंच्या वंशातल्या असल्यामुळे, जीवाणू ओळखण्यासाठी जे जनुक वाचले जाते ते त्यांच्यातही सापडते, आणि पानांच्या नमुन्यात तर झाडाच्याच या घटकांची गर्दी होते. ती वगळून उरेल तेच जीवाणूंचे.

लाकूड हा कठीण पदार्थ असल्यामुळे त्यातून डीएनए काढणे अधिकच जिकिरीचे होते, आणि म्हणून खोडाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. २०२५ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ प्रजातींच्या दीडशेहून अधिक जिवंत झाडांच्या लाकडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे एका झाडाच्या लाकडात सुमारे एक लाख कोटी जीवाणू असतात. मला त्या आकड्यापेक्षा त्यांची विभागणी अधिक महत्त्वाची वाटते. पाणी वाहून नेणाऱ्या बाहेरच्या रसकाष्ठात ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू प्रामुख्याने आढळतात, तर आतल्या मध्यकाष्ठात, म्हणजे गाभ्यात, ऑक्सिजनवाचून जगणाऱ्यांची वस्ती असते. एकाच खोडात काही सेंटिमीटरच्या अंतराने वस्ती बदलते. शिवाय प्रत्येक प्रजातीच्या झाडातला समुदाय वेगळा असतो.

आत येण्याच्या वाटा अनेक आहेत. नवे उपमूळ मुख्य मुळाची साल भेदून बाहेर पडते तेथली फट, पर्णरंध्रे, सालीवरची वल्करंध्रे, जखमा, रस शोषणारे कीटक या वाटांनी जीवाणू शिरतात, आणि काही बियांबरोबरच पुढच्या पिढीत जातात.

प्रश्न : या जीवाणूंचा झाडाला नेमका काय उपयोग होतो?

उत्तर : येथे जपून बोलावे लागते, कारण जीवाणू सापडणे वेगळे आणि तो झाडासाठी काही काम करतो हे सिद्ध होणे वेगळे. बाभळीसारख्या शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवर रायझोबियम या जीवाणूच्या आणि सुरूच्या मुळांवर फ्रँकिया या जीवाणूच्या गाठी असतात. त्यांतून झाडाला हवेतला नायट्रोजन मिळतो, हे जुने ज्ञान आहे. गाठी नसलेल्या झाडांचे काय, हा खरा रंजक प्रश्न. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात नदीकाठच्या निव्वळ गोट्यांत, जेथे नायट्रोजन जवळजवळ नसतो, तेथे जंगली पॉप्लर जोमाने वाढतात. संशोधक शॅरन डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झाडांच्या फांद्यांतून नायट्रोजन स्थिर करणारे, म्हणजे हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारे, जीवाणू वेगळे केले आणि २०१६ मध्ये जड नायट्रोजनचा, म्हणजे नायट्रोजन-१५ या समस्थानिकाचा, वायू वापरून दाखवले की हवेतला नायट्रोजन फांद्यांच्या आत खरोखर स्थिर होतो. मात्र एकाच झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांत हे प्रमाण फार कमीजास्त निघाले. उंच डोंगरांवरच्या लिंबर पाइनच्या सुईसारख्या पानांमध्येही, व्हिनेगर बनवणारे जीवाणू ज्या कुलातले त्याच कुलातल्या जीवाणूंचे वर्चस्व आढळले असून, तेथेही नायट्रोजन स्थिरीकरणाचे पुरावे मिळाले आहेत.

इतर कामांपैकी काही जीवाणू मुळांची वाढ चेतवणारे ऑक्सिन हे संप्रेरक तयार करतात, तर काही ताणाच्या काळात झाडात वाढणाऱ्या आणि वाढ रोखणाऱ्या इथिलीन या संप्रेरकाचा कच्चा माल आधीच फोडून टाकतात, त्यामुळे वाढ खुंटत नाही. पॉप्लरमधल्या एका जीवाणूला ट्रायक्लोरोइथिलीन हे भूजल दूषित करणारे रसायनही फोडता येते.

सगळेच रहिवासी निरुपद्रवी नसतात. झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू पाणी वाहणाऱ्या नलिकांतच राहतो. अनेक वनस्पतींत तो काहीही त्रास न देता नांदतो, पण दक्षिण इटलीत २०१३ मध्ये ऑलिव्हची झाडे वाळू लागण्यामागे तोच आढळला.

प्रश्न : आमच्या परिसरातल्या एका जुन्या झाडाच्या खोडातून दुर्गंधीयुक्त पाणी झिरपते. खोडाला छिद्र पाडून ते काढून टाकावे का?

उत्तर : वर्णनावरून हे ‘ओले लाकूड’ असण्याची शक्यता आहे. गाभ्यातले ऑक्सिजनवाचून जगणारे जीवाणू लाकडातील पेक्टिनसारख्या पदार्थांचे किण्वन करतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि आर्किया नावाचे, जीवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. झीकस आणि वॉर्ड या संशोधकांनी १९७४ मध्ये जिवंत झाडांतल्या या मिथेनचे मूळ सूक्ष्मजीवांत असल्याचे दाखवले. अशा खोडात पोकळ गिरमीट फिरवले तर वायू फुसकन बाहेर येतो आणि काडी लावल्यास पेटतो. त्याच दाबाने आंबलेले पाणी भेगांतून बाहेर ढकलले जाते आणि सालीवर डाग उमटतात. एवढ्याने झाड सहसा मरत नाही. पूर्वी नळी बसवून हे पाणी काढून देत असत, पण आता तसा सल्ला दिला जात नाही, कारण छिद्रामुळे आजूबाजूचे निरोगी लाकूड उघडे पडते, हवा आत जाते आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाट मिळते. छिद्र पाडू नका; फांद्या वाळत आहेत का किंवा खोड पोकळ वाजते का, एवढे जाणकाराकडून तपासून घ्या.