लोणच्याची बरणी आणि ताईचं पोट

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, ताईचं पोट दुखतंय, तरी तिला अंगणात एकटीला काऊन बसवलं? आणि आजी तिला लोणच्याच्या बरणीला शिवू काऊन देत नाही?" आजी शेजारीच होती, म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आता लिहिते.

ताईला पाळी आली आहे. तिला खाल्लेलं बाधलेलं नाही. आपण सगळ्यालाच पोट म्हणतो, पण त्यात वर जठर असतं, खाली सुमारे 6 मीटर लांबीचं लहान आतडं वेटोळं घालून बसलेलं असतं आणि त्याच्या भोवती दीड मीटरचं मोठं आतडं. अन्नाचा रस्ता तो. बाईच्या ओटीपोटात पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय आणि या दोघांच्या मधे गर्भाशय असतं. उलट्या पेरूसारखं, 7-8 सेंटीमीटर लांब. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय. त्यातून साधारण महिन्याला एक बीज सुटतं. गर्भ राहिला तर त्याला रुजायला जागा हवी, म्हणून गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. गर्भ राहिला नाही, की ते अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं. रक्त खूप वाटतं, पण एका पाळीत बहुतेकींचं 30 ते 40 मिलिलिटरच जातं.

हे अस्तर बाहेर टाकायला गर्भाशयाचे स्नायू आवळतात, म्हणून कळा येतात. त्यांना आवळायला लावणारं रसायन, प्रोस्टाग्लँडिन, शेजारच्या आतड्यांनाही हलवतं. ताई सकाळपासून सारखी संडासला जातेय म्हणालीस ना, ते बहुधा यामुळेच.

आता बरणी. लोणचं नासतं ते ओला चमचा घातला, मीठ कमी पडलं किंवा फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्या तर. बुरशीला ओल लागते, कुणाच्या पाळीशी तिला काही घेणंदेणं नाही.

हे दूर बसवणं मला अजिबात पटत नाही. कुणी तुला सांगेल, बायांना तेवढाच आराम मिळावा म्हणून ही रीत पडली. पण आपल्याकडे कापूस फुटला की त्याच बाया पाळीतसुद्धा दिवसभर वेचणीला वाकतात, शेतात ना आडोसा ना धुवायला पाणी. घरातल्या माठाला हात लावायचा नाही, मजुरीला मात्र जायचं, हा कसला आराम?

आजीशी भांडू नकोस. तिला हे कुणी समजावून सांगितलंच नाही, सासूनं सांगितलं तसं ती वागत आली. तिच्याशी मी बोलेन.

तू एवढं कर. बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी मामीकडून भरून घे, फडक्यात गुंडाळ आणि ताईला ओटीपोट शेकायला दे. तुझं ताटही अंगणात ने, तिच्याजवळ बसून जेव. तुलाही काही वर्षांनी पाळी येईल, तेव्हा काय विचारायचं ते आत्ताच तिला विचारून ठेव. रक्त सात दिवसांपेक्षा जास्त गेलं किंवा दुखण्यानं तिला उठवेनाच, तर मामीला म्हणावं दवाखान्यात दाखव. आणि आशाताईकडे पॅड मागायला ताईला लाज वाटली, तर तू सोबत जा.

तुझी,
आई